माडीवरच्या खोलीसाठी टेबल टेनिसचे टेबल

प्रश्न : आम्ही चिपळूणला स्वतःच्या घरात राहतो. माझी बारा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून क्लबमध्ये टेबल टेनिस शिकते आहे आणि आता शाळेकडून स्पर्धांत उतरू लागली आहे. आठ वर्षांचा मुलगा अजून नुसता हौशी आहे. सासरे निवृत्त शिक्षक आहेत; तरुणपणी ते बरेच खेळले आहेत आणि आजही नातीसमोर बॅट घेऊन उभे राहतात. पावसाळ्यात क्लबला जाणे वारंवार चुकते, म्हणून घरीच चांगल्या दर्जाचे टेबल घ्यायचे ठरवले आहे. साठ हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. माडीवर १७ फूट बाय ११ फूट अशी एक खोली रिकामी आहे. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, पण ती तीन बाजूंनी उघडी आहे. यजमानांच्या मते गच्चीवर ‘आउटडोअर’ टेबल ठेवावे. दुकानदार म्हणतो की २५ मिलिमीटर जाडीचे ‘इंटरनॅशनल’ टेबलच घ्या. ओळखीचा सुतार त्याच्या निम्म्या पैशांत प्लायवूडचे टेबल करून देतो म्हणतो. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्याला तिघांनी सल्ला दिला, पण माडीवरच्या खोलीकडे तिघांपैकी कोणीही पाहिलेले दिसत नाही. आपण तिची लांबी-रुंदी कळवलीत हे फार बरे केलेत, कारण घरासाठी टेबल घेताना पहिला निर्णय जागेचा असतो आणि जाडी, कंपनी, किंमत हे सगळे त्याच्या मागून येते. माझे मत आधीच सांगून टाकतो. टेबल माडीवरच ठेवावे, ते कारखान्यात बनलेले असावे, आणि जाडी किती घ्यायची याचा निकाल दुकानदाराने न देता आपल्या जिन्याने द्यावा. आता याची कारणे.

यजमानांची सूचना हवेशीर जागेच्या दृष्टीने चांगली असली तरी खेळाच्या दृष्टीने ती मला पटत नाही. टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघे २.७ ग्रॅम असते. गच्चीवरची जी झुळूक आपल्याला जेमतेम जाणवते, तिनेही तो टप्पा पडण्याआधी बाजूला सरकतो, आणि बारा वर्षांच्या मुलीला आपला फटका चुकला की वाऱ्याने चेंडू नेला हे कळेनासे होते. उघड्या बाजूंकडून येणारा उजेड डोळ्यांवर येतो आणि पांढरा चेंडू आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसत नाही. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे टेबल समपातळीत आणायला पायांखाली पाचरी ठोकत बसावे लागते. शिवाय चिपळूणचा पाऊस सरळ पडत नाही. झड आत येते आणि जुलैत पत्र्यावर असा काही आवाज होतो की चेंडू बॅटला लागल्याचे ऐकूही येत नाही. हा आवाज खेळाडूला हवा असतो, कारण समोरच्याने चेंडू किती जोरात मारला आणि किती घासला याचा अंदाज तो डोळ्यांइतकाच कानांनी घेत असतो.

आउटडोअर टेबले वाईट असतात असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा पृष्ठभाग सहसा चार ते सात मिलिमीटरच्या मेलामाइन लॅमिनेटचा किंवा ॲल्युमिनियमच्या थरांचा असतो, सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो, आणि फ्रान्सच्या कॉर्निलोसारख्या कंपन्यांनी त्यात नाव मिळवले आहे. सोसायटीच्या बागेत किंवा रिसॉर्टमध्ये ती योग्यच आहेत. पण त्यांच्यावरून चेंडू उसळतो तो क्लबमधल्या लाकडी टेबलावरच्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने, आणि आपल्या मुलीला स्पर्धेत खेळायचे आहे ते लाकडी टेबलावर. घरी एक उसळी आणि मैदानात दुसरी, असा दुहेरी अभ्यास तिच्या मागे लावू नये.

आता माडीच्या खोलीकडे वळू. टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद आणि अडीच फूट उंच असते. नियमाच्या भाषेत २.७४ मीटर, १.५२५ मीटर आणि ७६ सेंटिमीटर. आपल्या खोलीत ते ठेवल्यावर लांबीत ८ फूट आणि रुंदीत ६ फूट जागा उरते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एका टेबलासाठी १४ मीटर बाय ७ मीटर जागा मोकळी ठेवतात, तेव्हा आपली खोली त्या मानाने लहानच आहे. इतकी जागा लागते कशाला, असा प्रश्न पडेल. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली आणि जपानच्या हिरोजी सातो यांनी स्पंज लावलेली बॅट घेऊन ती जिंकली, तोपर्यंत या खेळाचा वेग बराच संथ होता. स्पंजने चेंडूला वेग आणि फिरकी दिली, आणि असा चेंडू मारायला व परतवायला मागे मोकळी जागा लागते. आज क्लबमध्ये शिकणारी मुलगी टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, मारताना हात पाठीमागे नेते आणि कंबरेतून वळते. मागे तीनच फूट असतील तर ती नकळत हात आखडून घेऊ लागते, आणि ही सवय एकदा लागली की प्रशिक्षकाला ती मोडायला फार त्रास होतो.

म्हणून माझी सूचना अशी की टेबल खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवण्याचा आग्रह धरू नये. उरलेल्या आठ फुटांपैकी पाच फूट मुलीच्या बाजूला आणि तीन फूट आजोबांच्या बाजूला द्यावेत. आपले सासरे मागे हटून जोराचे फटके मारत नसावेत, ते टेबलाजवळ उभे राहून चेंडू अडवून परत टाकत असावेत असे मी धरून चालतो. अशा खेळाला तीन फूट पुरतात. मुलगी एकटी असेल तेव्हा टेबलाचा एक भाग उभा करून त्यावर चेंडू मारता येतो. तेव्हा टेबल खोलीची जेमतेम सहा फूट लांबी व्यापते आणि तिच्यामागे दहा-अकरा फूट मोकळे राहतात. उभ्या फळीवरून चेंडू फार लवकर परत येतो आणि त्याची फिरकीही समोरच्या खेळाडूकडून येते तशी नसते, म्हणून हा सराव हाताचा वेग आणि पायांची जागा यांपुरताच उपयोगी धरावा. तरीही ही सोय असलेलेच टेबल घ्यावे. रुंदीत दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट राहतात. त्यात दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असे करून घ्या आणि खोलीत कपाट ठेवण्याचा मोह टाळा.

जिन्याचा विचार बहुतेक लोक टेम्पो दारात आल्यावर करतात. टेबलाचा अर्धा भाग म्हणजे पाच फूट बाय साडेचार फुटांची एक सलग फळी असते. ती उभी धरून तीन फुटी जिन्यातून सहज जाते, पण वळणावर, जिथे वरच्या जिन्याचा स्लॅब डोक्याशी येतो, तिथे ती अडकते. एखाद्या दुकानातून फ्रिजचे रिकामे खोके आणा, त्यातून या मापाचा पुठ्ठा कापा, आणि दोघांनी तो दोन्ही टोकांना धरून माडीवर नेऊन पाहा. प्रत्यक्ष फळीला सांगाडा आणि पॅकिंग असते, तेव्हा पुठ्ठा वळवताना चारही बाजूंना वीतभर जागा राहते की नाही हेही बघा. पुठ्ठा वाकवावा लागला तर फळी जाणार नाही हे उघड आहे. मग गॅलरीतून दोरांनी वर घेण्याचा मार्ग उरतो आणि त्यासाठी चार भक्कम माणसे लागतात. दोन्ही भाग एकाच सांगाड्याला जोडलेली घडीची टेबले जिन्याला अधिक त्रासदायक ठरतात. दोन सुटे भाग आणि प्रत्येकाला स्वतंत्र पाय व चाके, अशी रचना आपल्याला सोयीची पडेल.

दुकानदाराच्या २५ मिलिमीटरकडे येण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेळाच्या नियमांत फळी किती जाड असावी हे लिहिलेले नाही. ती कशाची असावी हेही लिहिलेले नाही. नियम एवढेच सांगतो की ३० सेंटिमीटरवरून सोडलेला प्रमाणित चेंडू सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे आणि ही उसळी सगळ्या पृष्ठभागावर सारखी असली पाहिजे. जाडी महत्त्वाची ठरते ती यामुळे. पातळ फळी चेंडूच्या माराने किंचित दबते आणि थरथरते, मग पायांच्या वर एक उसळी, मधल्या भागात दुसरी आणि कडेला तिसरी असे होते. बारा किंवा पंधरा मिलिमीटरच्या फळीत हा फरक हाताला कळतो. अठरा-एकोणीसमध्ये तो बराच कमी होतो. बावीस आणि पंचवीसमध्ये तो नगण्य असतो, म्हणूनच मोठ्या स्पर्धांची टेबले त्या जाडीची असतात. मात्र फळीइतकेच काम तिच्याखालचा पोलादी सांगाडा करतो. अठरा मिलिमीटरच्या फळीला चारही कडांनी चाळीस-पन्नास मिलिमीटर उंचीची पट्टी आणि मध्ये आडव्या पट्ट्या दिलेल्या असतील तर ती सांगाडा नसलेल्या पंचवीसपेक्षा चांगली वागते. दुकानात कोणी टेबलाखाली वाकून पाहत नाही. आपण अवश्य पाहा.

जाडीबरोबर वजनही वाढते. पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, २५ मिलिमीटर जाडीची अर्धी फळी, सांगाडा आणि पाय सोडून, सुमारे ३६ किलो भरते. १८ मिलिमीटरची २६ किलोच्या आसपास. लोखंड धरून जाड टेबल एकूण शंभर किलोंच्या पुढे जाते. आपले टेबल माडीवर एकदा गेले की तिथेच राहणार आहे, खोलीत दुसरे काही नाही, आणि मुलगी खरोखर शिकते आहे. म्हणून पुठ्ठ्याची परीक्षा पास झाली तर बावीस किंवा पंचवीस मिलिमीटर घेण्यात काही चूक नाही, आणि दुकानदाराचे म्हणणे आपल्यापुरते बरोबर ठरते. जिना आडवा आला तर मजबूत सांगाड्याचे अठरा-एकोणीस मिलिमीटरचे टेबल घ्यावे आणि मनाला रुखरुख लावून घेऊ नये. हेच पत्र दिवाणखान्यात रोज टेबल मांडून रोज आवरणाऱ्या कुटुंबाकडून आले असते तर मी पंचवीस मिलिमीटरचे नावही काढले नसते, कारण जड टेबल दोन महिन्यांत भिंतीला लागते आणि त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागतो.

आपल्या सुताराच्या कसबाबद्दल मला शंका नाही. अडचण त्याच्या मालाची आहे. वखारीत प्लायवूड मिळते ते सहसा आठ फूट बाय चार फुटांच्या तावात. टेबलाचा अर्धा भाग पाच फूट बाय साडेचार फुटांचा, म्हणजे त्याची कोणतीही बाजू चार फुटांत मावत नाही. याचा अर्थ प्रत्येक अर्ध्या भागात त्याला सांधा घ्यावा लागणार, आणि तो खेळण्याच्या पृष्ठभागावर येणार. पहिल्या वर्षी तो कळणार नाही. दोन पावसाळे गेले की सांध्याची एक कड केसभर वर येते आणि तिथे पडलेला चेंडू तिरका जातो. प्लायवूडच्या आतल्या थरांत कधीकधी पोकळ्या असतात, तिथे चेंडू मेल्यासारखा बसतो. वरून सनमायका लावू, असेही तो म्हणेल. पण गुळगुळीत सनमायका चकाकते आणि फिरकीचा चेंडू तिच्यावर पकड न घेता घसरतो. कारखान्यांत पार्टिकल बोर्डचे किंवा एमडीएफचे (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेले) मोठे ताव वापरून अर्धा भाग सलग कापतात आणि वर मॅट रंगाचे थर देतात. सुताराकडून बॅटा ठेवायची फळी आणि चेंडू अडवायच्या चौकटी करून घ्याव्यात. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

दुकानात जाताना मुलीची ३० सेंटिमीटरची पट्टी, कंपासपेटीतली सहा इंची पट्टी आणि क्लबमध्ये वापरतात तसे दोन चांगले चेंडू बरोबर न्यावेत. दुकानातल्या डब्यातला चेंडू घेऊ नये, कारण स्वस्त चेंडूची शिवण एकीकडे जड असते आणि मग दोष चेंडूचा की टेबलाचा हे कळत नाही. लांब पट्टी टेबलावर उभी धरून तिच्या वरच्या टोकाशी नेलेला चेंडू नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, आणि तो कुठपर्यंत येतो हे मोबाइलच्या संथ चित्रीकरणात पाहायचे. मध्यभागी, जाळीजवळ, चारही कोपऱ्यांशी आणि कडेपासून चार बोटांवर अशा दहा-बारा ठिकाणी हे करावे. तेवीसच्या एखादा सेंटिमीटर वर किंवा खाली आले तर चिंता नको, पण एका ठिकाणी तेवीस आणि दुसऱ्या ठिकाणी वीस असे होत असेल तर ते टेबल तिथेच सोडून द्यावे, मग त्याची जाडी कितीही असो. हे करताना कानही उघडे ठेवावेत. चांगल्या टेबलावर सगळीकडे एकच टणक आवाज येतो आणि दबलेला आवाज आला तिथे फळी सांगाड्यापासून सुटलेली असते. मुलीला बरोबर न्या आणि तिला दोन-चार फिरकीच्या सर्व्हिस करू द्या. टप्प्यानंतर चेंडू वळतो की नुसता पुढे निसटतो हे ती आपल्यापेक्षा चांगले सांगेल.

मग टेबलाच्या एका कोपऱ्यापासून तिरकस समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरावा, दुसऱ्या बाजूनेही धरावा, आणि दोऱ्याखाली कुठे फट दिसते का ते पाहावे. दोन्ही अर्धे भाग जिथे जुळतात तिथे नख आडवे फिरवावे. नख अडखळले तर पायांखालचे आट्यांचे बूट फिरवून वर-खाली करून पातळी जुळते का ते विक्रेत्याला करून दाखवायला सांगावे. फळीची खालची बाजू कोरी सोडलेली नसावी. वर थर आणि खाली नुसता बोर्ड असेल तर दमट हवेत खालची बाजू ओल पिते आणि फळी हळूहळू वाकते. कडांची पट्टी सलग चिकटवलेली हवी. कोपऱ्यात बोर्डचा भुसा दिसत असेल तर कोकणात ते टेबल कडेपासून फुगणार हे नक्की समजावे. सहा इंची पट्टी जाळीसाठी आहे. जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर लागते, म्हणजे सहा इंचांना ती जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि जाळी मध्यभागी सैल पडते की दोरीने ताणता येते हे त्या पट्टीने लगेच कळते. चापाच्या जाळीपेक्षा स्क्रूने आवळायची जाळी अधिक टिकते. तिच्या पकडीला आतून नमद्याचा किंवा रबराचा तुकडा असावा, नाहीतर ती टेबलाचा रंग खरवडते.

चाकांबद्दल थोडे कडक लिहितो, कारण घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. अर्धा भाग उभा केला की निदान पस्तीस-चाळीस किलोंचे वजन लहान चाकांवर तोलून राहते, आणि मुलांना त्याला धरून झोके घ्यावेसे वाटतात. उघडताना आणि मिटताना दोन्ही वेळा आपोआप बसणारा खटका असलेलेच टेबल घ्यावे, त्याच्या निम्म्या तरी चाकांना ब्रेक असावा, आणि चाके किमान तीन इंचांची, रबरी धावेची असावीत. टेबल उभे करणे व पाडणे हे काम दोन मोठ्या माणसांचे, हा घरातला नियम पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. यात आजोबांनाही एकट्याने सूट देऊ नये.

‘इंटरनॅशनल’ या शब्दाला किंमत नाही. तो कोणीही छापू शकतो. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ मान्यताप्राप्त टेबलांची यादी प्रसिद्ध करतो आणि ती मान्यता कंपनीला सरसकट नसून विशिष्ट मॉडेलला असते. दुकानदाराने दाखवलेल्या मॉडेलचे नाव त्या यादीत आहे का ते पाहावे. नसले तरी टेबल वाईट ठरत नाही, पण मग मान्यतेचे पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. जपानच्या सान-एई कंपनीची टेबले रिओच्या २०१६ आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये वापरली गेली, स्वीडनच्या स्टिगाचे नाव घरोघरी माहीत आहे. ही टेबले उत्तम असतात यात वाद नाही. पण परदेशी टेबलाच्या किमतीत त्याच्या प्रवासाचा आणि करांचा मोठा वाटा असतो, आणि एखादे चाक किंवा खटका मोडला तर सुटा भाग मिळायला महिने जातात. मीरत आणि जालंधर ही आपल्याकडची क्रीडासाहित्याची जुनी केंद्रे आहेत, मीरतच्या स्टॅगची टेबले आपल्या मुलीने क्लबांतून पाहिलीही असतील. साठ हजारांत देशी बनावटीचे चांगले टेबल नक्की बसते आणि वर काही रक्कम उरते. मुलगी ज्या क्लबमध्ये शिकते तिथले टेबल कोणते आहे हे विचारून, जमल्यास त्याच प्रकारचे घ्यावे, एवढे मी सुचवेन. एखादा क्लब टेबले बदलत असेल तर त्याचे जुने पंचवीस मिलिमीटरचे टेबलही पाहायला हरकत नाही. वरची पट्टीची आणि दोऱ्याची परीक्षा त्यालाही लावावी, आणि कडा फुगलेल्या असतील तर ते फुकटही घेऊ नये.

टेबल घरी आल्यावर त्याचा मोठा शत्रू दमटपणा. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्यापासून ते हातभर लांब ठेवावे. झाकण्यासाठी प्लॅस्टिक वापरू नये, कारण त्याखाली घाम धरतो आणि बुरशी येते. जुनी सुती चादर पुरते. पावसात उघडीप मिळाली की खिडक्या उघडाव्यात आणि झड येऊ लागली की मिटाव्यात. पृष्ठभाग आधी कोरड्या आणि मग किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावा. फिनेल, स्पिरिट किंवा काच पुसायचे द्रव लावले की मॅट थर चकाकू लागतो. लोखंडी सांध्यांना जूनच्या आधी मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे. पार्टिकल बोर्डला वाळवी लागते, तेव्हा महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन खालची बाजू पाहावी. आणि पापड, सांडगे वाळत घालायला किंवा लग्नाच्या आहेराची मांडणी करायला हे टेबल कितीही सोयीचे दिसले तरी ते देऊ नये. मे महिन्यात असा आग्रह आपल्याला नक्की होणार आहे.

खोलीची तयारीही थोडी करावी लागेल. बहुतेक खोल्यांत छताचा पंखा मध्यभागी, म्हणजे बरोबर टेबलावर येतो. त्याच्या वाऱ्याने चेंडू हलतो आणि उंच टाकलेला चेंडू पात्यांना लागतो, म्हणून खेळताना तो बंद ठेवून समोरासमोरच्या खिडक्यांवर भागवावे आणि दोन डावांच्या मध्ये चालू करावा. एका बल्बखाली खेळू नये. टेबलाच्या दोन्ही लांब बाजूंच्या वर, लांबीला समांतर, चार-चार फुटांच्या एलईडी नळ्या लावल्या की खेळाडूची सावली चेंडूवर पडत नाही. टेबलाच्या दोन्ही टोकांकडच्या भिंती पांढऱ्या असतील तर पांढरा चेंडू त्यांत हरवतो, तेव्हा त्या खालून पाच फुटांपर्यंत गडद निळ्या किंवा हिरव्या रंगवाव्यात, किंवा तेवढ्या उंचीचा गडद पडदा सोडावा. पडद्याला लागून चेंडू तिथेच पडतो हा वरचा फायदा. सुताराला दोन-अडीच फूट उंचीच्या हलक्या चौकटी करायला सांगून त्यांवर जुन्या साड्या ताणाव्यात आणि बाजूंना उभ्या कराव्यात. चेंडूसाठी दर दोन मिनिटांनी वाकावे लागले नाही तर आपले सासरे अर्धा तास जास्त खेळतील. खोलीत गुळगुळीत लाद्या असतील तर मऊ रबरी तळव्यांचे बूट सर्वांनाच लागतील, आणि खेळण्यापूर्वी लादी पुसू नये.

पैशांची विभागणी मी अशी करेन : टेबलावर पंचेचाळीस ते पन्नास हजारांपेक्षा जास्त जाऊ देऊ नयेत आणि उरलेल्यांत दिवे, पडदे, बूट व चांगले चेंडू बसवावेत. मुलीची बॅट प्रशिक्षकाच्या सल्ल्याने घेतलेली असेलच. मुलाला दुकानातली तयार साधी बॅट सध्या पुरे आहे.

खरेदी शक्यतो दसऱ्यानंतर करावी. जून ते सप्टेंबरमध्ये टेबल कुंभार्ली घाटातून येवो की मुंबई-गोवा महामार्गावरून, ताडपत्रीखालच्या टेम्पोत कडांना पाणी लागण्याची धास्ती राहते, आणि लागलेले पाणी महिनाभराने फुगवट्यातून दिसते. वाहतूक, माडीवर चढवणे आणि जोडणी हे दरात धरले आहे का, हे आधी लेखी घ्यावे. फळी वाकली किंवा कड सुटली तर हमी लागू आहे का, हेही बिलावर लिहून घ्यावे, कारण अनेक हमीपत्रांत फक्त सांगाड्याचा उल्लेख असतो. काही रक्कम जोडणी होईपर्यंत हाती ठेवावी, आणि जोडणाऱ्या माणसाने घाई केली तरी दोरा, नख आणि पट्टी यांची परीक्षा माडीवर पुन्हा घेऊन मगच ती द्यावी. पहिल्या महिन्यात रोजच्या खेळाने नटबोल्ट थोडे सैल होतात. ते एकदा सगळे आवळून घ्यावेत आणि पायांची पातळी पुन्हा जुळवावी.